फिरती थाळी थांबली असतां

गेल्या श्रावणांत आमच्या घरीं एक लहानसा गोंधळ उडाला. पाहुणे आले होते, पानें मांडलीं होतीं, आणि तांदळाचे पापड भाजण्याचें काम नेहमींप्रमाणें मायक्रोवेव्ह ओव्हनकडे सोंपविलें होतें. पापड बाहेर आले ते मोठे चमत्कारिक! एकेका पापडावर दोन-दोन ठिकाणीं काळे डाग, आणि त्या डागांच्या मधला भाग अगदीं कच्चा. ओव्हनांत दिवा लागत होता, पंख्याचा आवाज येत होता. परंतु कांचेची थाळी मात्र जागची हालत नव्हती. लागलीच निदानांस ऊत आला. कोणी म्हणाले, ‘विजेचा दाब कमी आहे.’ कोणी म्हणाले, ‘मोटर जळाली.’ शेजारच्या काकांनीं तर सारें यंत्र कल्याणास घेऊन जाण्याचा निकाल देऊन टाकिला.

कल्याणची फेरी म्हणजे काय हें आमच्या शहापूर-मुरबाडच्या वाचकांस सांगणें नलगे. मुरबाडास आगगाडी नाहीं. शहापूरकरांस प्रथम आसनगांव स्टेशन गांठावें लागतें. बारा-पंधरा किलो वजनाचें, कांचेच्या दाराचें खोकें भर पावसांत एस. टी. त चढवावयाचें, एक दिवसाची रजा खर्ची घालावयाची, आणि शेवटीं दोष निघावयाचा बोटाच्या पेराएवढ्या तुकड्याचा! असें अनेकांचें होतें. म्हणून या यंत्राचे हलते भाग बिघडले असतां कोणता दोष घरबसल्या ओळखतां येतो, कोणता दूर करतां येतो, आणि कोणत्या ठिकाणीं आपला हात मागें घ्यावा, हें प्रस्तुत लेखांत क्रमानें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम हें यंत्र तापवितें कसें तें पाहूं. चुलीवर उष्णता भांड्यांतून अन्नांत जाते. ओव्हनांत मॅग्नेट्रॉन नांवाची एक नळी असते. ती विजेपासून रेडिओच्याच जातीच्या, परंतु पुष्कळ आंखूड अशा लहरी उत्पन्न करते. या लहरी अन्नांत शिरून त्यांतील पाण्याच्या कणांस हलवितात, आणि त्या हालचालीची उष्णता होते. याहूनहि आंखूड लहरींचे प्रयोग आपल्या देशांत जगदीशचंद्र बोस यांनीं १८९५ सालीं कलकत्त्यास लोकांसमोर करून दाखविले होते. जोरदार लहरी देणारा मॅग्नेट्रॉन रँडल व बूट या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनीं १९४० सालीं बर्मिंगहॅम विद्यापीठांत तयार केला, तो दुसऱ्या महायुद्धांतील रडारसाठीं. पुढें १९४५ मध्यें अमेरिकेंतील रेथिऑन कंपनींत पर्सी स्पेन्सर हे गृहस्थ अशा नळीजवळ उभे असतां त्यांच्या खिशांतील चॉकलेटची वडी वितळली, असें सांगतात. त्यांचें शालेय शिक्षणहि पुरें झालेलें नव्हतें. परंतु वडी कां वितळली हा प्रश्न त्यांनीं सोडला नाहीं. १९४७ मध्यें विक्रीस आलेला पहिला ओव्हन जवळजवळ माणसाएवढा उंच व तीनशें किलोंहून अधिक जड होता. ओट्यावर मावेल असा ओव्हन अमेरिकेंतील घरांत १९६७ पासून शिरूं लागला.

आतां थाळी फिरावयास कां पाहिजे? ओव्हनांतील लहरीची लांबी सुमारें १२ सेंटिमीटर असते. लहरी धातूच्या भिंतींवर आपटून परततात. जाणारी व परतणारी लहर एकमेकींत मिसळून कांहीं जागीं जोर वाढतो, तर कांहीं जागीं तो जवळजवळ नाहींसा होतो. जोराच्या दोन जागांमध्यें अर्ध्या लहरीचें, म्हणजे सुमारें ६ सेंटिमीटरांचें अंतर असतें. आमच्या पापडांवरील डाग आम्हीं पट्टीनें मोजले, तों तेहि जवळजवळ तितक्याच अंतरावर भरले! वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांनीं येथें एक गणित करून पाहावें. ओव्हनच्या पाठीमागील पाटीवर बहुधा २४५० मेगाहर्ट्झ हा आंकडा असतो. म्हणजे सेकंदास २४५ कोटी कंपनें. डागांमधील अंतराच्या दुपटीस या संख्येनें गुणिलें असतां प्रकाशाचा वेग, सेकंदास सुमारें तीन लक्ष किलोमीटर, हातीं येतो. करपलेला पापडहि असा अगदींच वायां जात नाहीं.

चुलीचा जाळ तव्याखालीं सर्वत्र सारखा लागत नाहीं, म्हणून आपल्या आया तव्यावरची भाकरी बोटांनीं हळूच फिरवीत राहतात. ओव्हनची थाळी तेंच काम करते. जपानांतील शार्प कंपनीनें १९६६ सालीं ही फिरती थाळी आपल्या ओव्हनांत आणिली. थाळी थांबली म्हणजे यंत्र तापविण्याचें बंद करतें असें नव्हे. तें एकाच जागीं तापवीत बसतें. कालचा भात किंवा कालवण अशा ओव्हनांत तापविलें तर कडेला वाफ येते व मधला भाग गारच राहतो, आणि अर्धवट तापलेलें शिळें अन्न पोटास अपाय करतें. म्हणून दुरुस्ती होईपर्यंत अन्न मध्येंच बाहेर काढून ढवळावें, भांडें अर्धे फिरवून पुन्हां ठेवावें, आणि सर्वत्र वाफ येत आहे अशी खात्री करून घ्यावी.

या यंत्रांत हलणारे भाग मुख्यत्वें चार: थाळी व तिची मोटर, मॅग्नेट्रॉनला वारा घालणारा पंखा, ज्या ओव्हनांत थाळी नसते त्यांत लहरी चोहोंकडे उधळणारें पंख्यासारखें एक चक्र, आणि दाराचे आंकडे व त्यांच्या मागील कळा. दोष यांपैकीं कोणत्या भागांत आहे हें ठरविण्यासाठीं खोकें उघडावें लागत नाहीं. चार प्रश्न विचारावे: दिवा लागतो काय? पंख्याचा आवाज येतो काय? थाळी फिरते काय? पाणी तापतें काय? चारहि उत्तरें कागदावर लिहून मगच पुढें जावें. आमच्या घरचीं उत्तरें होय, होय, नाहीं, होय, अशीं आलीं; म्हणजे दोष थाळीच्या बाजूस, हें निश्चित झालें.

थाळी न फिरण्याचीं कारणें सोप्याकडून अवघडाकडे तपासावीं. पहिलें, भांडें फार मोठें असून त्याचा कान भिंतीस अडत नाहीं ना, हें पाहावें. दुसरें, थाळीच्या तळाशीं जे उंचवटे असतात ते मधल्या तीन पाखांच्या प्लॅस्टिकच्या तुकड्यावर नीट बसले आहेत कीं नाहींत, हें पाहावें. तिसरें, थाळीखालीं लहान चाकांचें एक कडें असतें. त्या चाकांत सांडलेली आमटी वाळून बसते, किंवा केस गुंडाळले जातात. कडें व थाळी दोन्ही साबणाच्या कोमट पाण्यानें धुऊन, पुसून, कोरडीं करून पुन्हां बसवावीं. टक्-टक् असा आवाज येत असेल तर पुष्कळदां एवढ्यानेंच तो थांबतो.

इतकें करूनहि थाळी फिरेना, तेव्हां आमच्याकडे अभ्यासास येणाऱ्या नववींतील एका विद्यार्थ्यानें एक युक्ति सुचविली. थाळी व कडें काढून ठेवावें. मधल्या तुकड्यावर शाईचा एक ठिपका द्यावा. बाजूस एक कप पाणी ठेवावें, कारण ओव्हन रिकामा कधीं चालवूं नये. आणि दार लावून एक मिनिट पाहावें. आम्हीं तसें केलें. ठिपका जागचा हालला नाहीं. ‘झालें! मोटरच जळाली,’ असें म्हणून आम्ही उठलों. तो विद्यार्थी मात्र तेथेंच बसून राहिला व संकोचानें म्हणाला, ‘सर, तुकडा फिरत नाहीं हें दिसलें, पण मोटर फिरत नाहीं हें कोठें दिसलें?’

आम्ही क्षणभर निरुत्तर झालों. बटण बंद करून व प्लग काढून आम्हीं तो तुकडा वर उचलला. तो नुसता ठेविलेला असतो. खालीं मोटरचा बारीक दांडा दिसला. दांड्याची एक बाजू चपटी असते, आणि तुकड्याचें भोंकहि त्याच आकाराचें असतें, म्हणूनच दांड्याबरोबर तुकडा फिरतो. आमच्या तुकड्याचें भोंक उष्णतेनें व झिजेनें गोल होऊन गेलें होतें. आतां ठिपका दांड्यावर दिला आणि कप आंत ठेवून पुन्हां पाहिलें, तों दांडा सावकाश फिरत होता! मिनिटास सुमारें पांच फेरे, म्हणजे आपल्याकडील ५० आवर्तनांच्या विजेवर अशा मोटरनें घ्यावे तितकेच. मोटर बिचारी निर्दोष होती. तिचे श्रम पोकळींत जात होते. जात्याचा खुंटा सैल झाला असतां हात फिरतो व पाळ जागेवर राहते, तसाच हा प्रकार.

येथें दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. थाळी आज उजवीकडून डावीकडे फिरली व उद्यां उलट फिरली, तर तो दोष नव्हे. अशा बहुतेक मोटरी सुरू होतांना कोणतीहि दिशा धरतात. दुसरी गोष्ट, दांडाच फिरत नसेल किंवा आंतून दांते घसरल्यासारखा आवाज येत असेल, तर मोटर बदलावी लागते. ती तळाच्या पत्र्याखालीं असते, आणि बदलण्याचें काम जाणत्या माणसानें प्लग काढूनच करावें. परंतु नवी मोटर आणावयास जाणाऱ्यानें जुन्या मोटरवरील आंकडे लिहून न्यावे. दिसावयास सारख्या असलेल्या या मोटरींपैकीं कांहीं २१ व्होल्टांच्या, तर कांहीं २२० ते २४० व्होल्टांच्या असतात. एकीच्या जागीं दुसरी बसविली तर ती जळेल किंवा मुळींच फिरणार नाहीं. दांड्याची लांबीहि मोजून न्यावी. एवढें टिपण बरोबर असलें म्हणजे सारें यंत्र वाहून नेण्याचें कारण पडत नाहीं.

आतां पंख्याकडे वळूं. मॅग्नेट्रॉनला मिळणाऱ्या विजेपैकीं बराच भाग लहरींच्या रूपानें बाहेर न पडतां नळीच्याच अंगांत उष्णता होऊन राहतो. ती उष्णता पंखा काढून नेतो. ओव्हन चार-पांच मिनिटें चालून आपोआप बंद पडत असेल व थंड झाल्यावर पुन्हां चालत असेल, तर नळी फार तापत आहे व तिच्या रक्षणासाठीं ठेविलेली कळ वीज तोडीत आहे, असें समजावें. अशा वेळीं प्रथम बाहेरचीं भोंकें पाहावीं. पुष्कळ घरीं ओव्हनवर भरतकामाचा रुमाल घालतात, मागें भिंतीस चिकटवितात, वर डबे रचतात. मग वारा यावा कोठून? चोहोंकडून मोकळी जागा ठेवावी. आपल्या भागांत पावसाळ्यांत उबेसाठीं पाली, झुरळें व मुंग्या यंत्रांत शिरतात. म्हणून सभोंवार अन्नाचे कण राहूं देऊं नयेत. भोंकें मोकळीं असूनहि पंख्याचा आवाज येत नसेल, तर ओव्हन वापरणें त्याच क्षणीं थांबवावें. थाळीवांचून कांहीं दिवस चालेल. पंख्यावांचून चालणार नाहीं.

थाळी नसलेल्या ओव्हनांत लहरी उधळणारें चक्र आच्छादनामागें असतें. तें अडलें तर अन्न पुन्हां ठिकठिकाणीं करपूं लागतें. पुष्कळ ओव्हनांत लहरी येण्याच्या वाटेवर अभ्रकाचा पातळ पत्रा बसविलेला असतो. त्यावर तेलाचे शिंतोडे बसून जळतात व ठिणग्या उडतात. तो ओल्या फडक्यानें हलकेंच पुसावा, काढूं नये. ठिणग्या तरीहि उडत असतील तर यंत्र बंद ठेवून जाणत्यास दाखवावें.

चौथा प्रश्न पाण्याचा. त्याचें उत्तर आंकड्यांत मिळवितां येतें. कांचेच्या किंवा चिनीमातीच्या भांड्यांत बरोबर एक लिटर पाणी घ्यावें. थर्मामीटरनें उष्णतामान मोजून थर्मामीटर बाहेर काढावा. पाणी पूर्ण जोरावर एक मिनिट तापवावें. बाहेर काढून, ढवळून, पुन्हां मोजावें. जितके अंश वाढले असतील त्यांस ७० नें गुणावें; येईल तो ओव्हनचा जोर, वॉटांत. एक ग्रॅम पाणी एक अंशानें तापविण्यास सुमारें ४.२ ज्यूल लागतात, यावरून हा सत्तरचा आंकडा कसा येतो तें विद्यार्थ्यांनीं स्वतः काढावें. दहा अंश वाढले तर जोर सुमारें ७०० वॉट. हाच प्रयोग दुपारीं एकदां व सायंकाळीं दिवे लागल्यावर एकदां करावा. सायंकाळीं विजेचा दाब २३० व्होल्टांच्या पुष्कळ खालीं येत असेल तर तापहि कमी भरेल, आणि मग यंत्रास दोष देण्याचें कारण उरणार नाहीं.

आतां दाराविषयीं. हा भाग लिहितांना आमचें मन गंभीर होतें. दार लागलें म्हणजे त्याचे आंकडे आंतील कळा दाबतात. या कळा बहुधा तीन असतात. दोन कळा दार उघडतांच वीज तोडतात; त्या दोन्ही फसल्या तर तिसरी मुद्दाम फ्यूज उडवून यंत्र बंद पाडते. इतकी खबरदारी घेण्याचें कारण असें कीं, ज्या लहरी अन्नांतील पाणी तापवितात त्या आपल्या शरीरांतील पाणीहि तापवितात. डोळ्याच्या भिंगांत रक्तवाहिन्या नसल्यामुळें तेथील उष्णता लवकर निघून जात नाहीं, व भिंग पांढरें होऊन मोतीबिंदूचें भय असतें.

मुरबाडच्या बाजूस एका परिचित कुटुंबांत आम्ही गेलों असतां त्यांचा ओव्हन दार उघडें असतांहि थाळी फिरवीत असलेला दिसला. ओट्यापाशीं पांच-सहा वर्षांचें एक मूल आपलें दूध कधीं तापतें याची वाट पाहात, ओव्हनच्या उंचीलाच डोळे लावून उभें होतें. आम्हीं धांवत जाऊन प्लग ओढला. चौकशी केली तेव्हां कळलें कीं, यंत्र सुरूच होईना म्हणून कोणा दुरुस्ती करणाऱ्यानें दाराच्या कळा तारेनें जोडून टाकिल्या होत्या. मूळ दोष एवढाच निघाला कीं, दाराचा प्लॅस्टिकचा आंकडा मोडून त्याची स्प्रिंग निसटली होती. त्या लहानशा वस्तूच्या ऐवजीं त्या घरानें नकळत केवढी मोठी किंमत मोजावयास काढिली होती! त्याच दिवशीं ओव्हन बंद करून ठेविला. नवा आंकडा बसवून व तिन्ही कळा पूर्ववत् करून घेतल्यावरच तो पुन्हां सुरू झाला.

कोणी विचारील, दाराच्या कांचेंतून आंतला उजेड दिसतो, मग लहरी कां बाहेर येत नाहींत? कांचेमागें बारीक भोंकांची धातूची जाळी असते. प्रकाशाची लहर अत्यंत सूक्ष्म असल्यानें ती भोंकांतून सहज निसटते. १२ सेंटिमीटरांची लहर मात्र जाळीस अखंड भिंतच समजून परत फिरते. याच तत्त्वाचें भव्य रूप पाहावयाचें असल्यास मुरबाडहून माळशेज घाट चढून जुन्नर तालुक्यांत जावें. तेथें नारायणगांवाजवळ खोडद येथील रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. त्याहि पत्र्याच्या नसून तारांच्या जाळीच्या आहेत. वारा त्यांतून निघून जातो, पण आकाशांतून येणाऱ्या लांब रेडिओ-लहरी परावर्तित होतात. सारांश, जाळी फाटलेली, दार वांकलेलें किंवा बिजागरी सैल असलेला ओव्हन वापरूं नये. दारावर भार देऊं नये; त्याच्या कडा पुसून स्वच्छ ठेवाव्या.

शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची सूचना. बाहेरचें लोखंडी आवरण विद्यार्थ्यांनीं कधींहि उघडूं नये, आणि या कामाचें शिक्षण न घेतलेल्या पालकांनींहि उघडूं नये. आंत मॅग्नेट्रॉनसाठीं सुमारें ४००० व्होल्टांचा दाब तयार होतो, आणि कपॅसिटर नांवाचा भाग वीज सांठवून ठेवतो. प्लग काढल्यावरहि ती वीज त्यांत राहिलेली असूं शकते. मेलेल्या सापाच्या दांतांतहि विष असतें, असें आपले वडील माणूस सांगतात. तोच न्याय येथें लागू आहे. या कामांत मुरलेले कारागीरहि येथें चुकले कीं प्राणास मुकतात. वर सांगितलेल्या तपासण्यांपैकीं एकीसाठींहि हें आवरण उघडावें लागत नाहीं.

असो. आमच्या घरचा तुकडा पुढें कल्याणास जाणाऱ्या एका स्नेह्यानें खिशांतून आणून दिला. बरोबर जुना तुकडा नमुन्यास दिला होता, म्हणून तो पहिल्याच खेपेस बरोबर बसला. थाळी फिरूं लागली, व पुढच्या रविवारीं त्या विद्यार्थ्यास पापड खावयास मुद्दाम बोलाविलें. त्या दिवशीं आम्हीं त्याच्यापासून जें शिकलों तें येथें नमूद करणें आमचें कर्तव्य आहे. आम्हीं पाहिलें होतें एक, आणि बोललों होतों दुसरें. तुकडा थांबलेला पाहून मोटर जळाल्याचा निकाल दिला. विज्ञानाच्या वर्गांत आपण प्रथम निरीक्षण व नंतर अनुमान अशा दोन ओळी वहींत आंखतों, त्या दोन ओळींमधील अंतर आम्ही घरीं येतांच विसरलों होतों. जें पाहिलें तेवढेंच सांगावें, जें पाहिलें नाहीं तें पाहण्याची निर्धोक युक्ति शोधावी, आणि जेथें निर्धोक युक्ति नाहीं तेथें जाणत्यास बोलवावें. ओव्हनपुरतें हें सांगितलें. मुलांनीं तें पुढें आपल्या सर्व कामांस लावावें, अशी आमची इच्छा आहे.